बाईंची पट्टी

“पट्ट्या कुणी काढल्या?” ती मुलगी म्हणाली.

ती दारातच उभी होती. तिच्या मागे चौथीचा वर्ग रांगेत होता. तीस मुलं, प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक. मी शाळेच्या वाचनालयातल्या टेबलापाशी उभा होतो. टेबलावर सनमायकाच्या पट्ट्यांचा गठ्ठा रबर लावून ठेवलेला होता, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

“मी काढल्या,” मी म्हणालो.

“सगळ्या?”

“सगळ्या. एकतीस होत्या.”

तिने मागे वळून वर्गाला सांगितलं, “सगळ्या काढल्यात.” वर्गातून एक आवाज आला, टायरमधून हवा जावी तसा.

“सर, पण का?” मागून एका मुलाने विचारलं.

“मी सर नाही. मी बाईंचा नवरा.”

“मग काका,” ती मुलगी म्हणाली. “काका, पण का?”

याला अकरा वर्षं झाली. माझी बायको कुमुद हिंगणवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत बावीस वर्षं शिकवत होती आणि शाळेचं वाचनालय सांभाळत होती. वाचनालय म्हणजे एक खोली आणि पाच रॅक. जानेवारीच्या शेवटी एका सकाळी मी दूध आणायला गेलो आणि परत आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात पडलेली होती. डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटांत झालं असेल. गॅस चालू होता. चहा आटून पातेलं जळालं होतं.

वाचनालयाची किल्ली तिच्या पर्समध्ये राहिली. चाळीस दिवस खोली बंद होती. मग मुख्याध्यापक लोखंडे सरांचा फोन आला की शेवाळे साहेब, एकदा येऊन खोली उघडून द्या, आम्ही पुस्तकं मोजून ताब्यात घेतो. मी आदल्या दिवशीच गेलो. म्हटलं, तिची खोली द्यायची तर नीट लावून द्यावी.

मी एसटीच्या डेपोत चौतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. स्टोअरमध्ये दोन वस्तूंच्या मध्ये फळीचा तुकडा दिसला तर तो टेका असतो, वस्तू कलू नये म्हणून लावलेला. इथे पुस्तकांच्या मध्ये फूटभर लांबीच्या सनमायकाच्या पट्ट्या उभ्या होत्या. कुठे निळी, कुठे लाकडी नक्षीची, सुताराकडे उरलेल्या तुकड्यांच्या. वर मुलांची नावं होती. पोरं बाकावरही नावं लिहितात, म्हणून मी लक्ष दिलं नाही. सगळ्या उपसल्या, मधल्या रिकाम्या जागा बुजवल्या आणि पुस्तकं उंचीप्रमाणे लावली. रॅक सरळ रेषेत दिसायला लागले. चाळीस दिवसांत पहिल्यांदा तिच्यासाठी काही काम केल्यासारखं वाटलं.

हे मी त्या मुलांना सांगितलं, चहाच्या पातेल्यापर्यंत नाही, टेक्यापर्यंत.

मुलीचं नाव अनुजा खिलारे. दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. ती टेबलापाशी आली.

“तो टेका नाही,” ती म्हणाली. “पुस्तक घेतलं की त्या जागी आपली पट्टी ठेवायची. परत आणलं की पुस्तक त्या जागी आणि पट्टी आपल्या हातात. म्हणजे पुस्तकाची जागा जात नाही.”

“आणि नोंद?”

“कसली नोंद?”

“कुणी कुठलं पुस्तक नेलं, त्याची.”

“पट्टी असते की.”

चौतीस वर्षं मी तीन-तीन प्रतींत नोंद केली आणि तरी वस्तू सापडायच्या नाहीत. कुमुद म्हणायची, तुमच्या स्टोअरमधून वस्तू जातात, माझ्याकडे परत येतात. मला ती थट्टा वाटायची.

तेवढ्यात लोखंडे सर डोकावले. “वा, शेवाळे साहेब. एका उंचीत लावलंत. शिस्त दिसते,” असं म्हणून ते गेले. सरांपुढे मुलांनी माझं नाव सांगितलं नाही, हे मी लक्षात ठेवलं.

अनुजाने गठ्ठ्याचं रबर काढलं आणि एकेक नाव वाचून पट्टी वाटायला सुरुवात केली. मुलं पट्टी घेऊन पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवरचा नंबर बघत होती. नंबरावरून ती आपली जागा शोधतील, असं तिने सांगितलं. वेळ लागेल, पण होईल. तीस पट्ट्या वाटून झाल्या. एक उरली.

लाकडी नक्षीची होती. काळ्या पेनने, कुमुदच्या अक्षरात, ‘कुमुद बाई’.

“बाईंची पण होती,” अनुजा म्हणाली. “ही कुठे होती?”

मी रॅककडे बघितलं.

“आठवा.”

“आठवत नाही.” मी रॅककडे गेलो.

“तिसऱ्या रॅकला असेल,” मी बोट दाखवून म्हणालो. “किंवा चौथ्या.”

“अंदाज सांगू नका. बाई म्हणायच्या, आठवत नसेल तर अंदाज सांगायचा नाही, कुठे शोधायचं ते सांगायचं.”

म्हणजे कुमुदने एक पुस्तक नेलं होतं. ते कुठलं, हे फक्त ती पट्टी सांगत होती, आणि ती मी माझ्या हाताने उपसून गठ्ठ्यात बांधली होती. तिचं नाव वाचलं नव्हतं असंही नाही. वाचलं असेल. त्या दिवशी तिचं नाव सगळीकडेच दिसत होतं, हजेरीपटावर, फळ्याच्या कोपऱ्यात, कपाटाच्या कुलपावर.

“काका,” मघाचा मुलगा म्हणाला. त्याचं नाव साहिल. “बाईंच्या दहाव्याला कावळा शिवला नाही ना?”

“तुला कुणी सांगितलं?”

“पप्पांनी. पप्पांच्याच टेम्पोतून सगळे घाटावर गेले होते. पप्पा म्हणाले, दोन तास कुणी जेवलं नाही.”

ते खरं होतं. नदीवर पिंड ठेवला आणि आम्ही लांब उभे राहिलो. कावळा आला नाही. अर्धा तास गेला. मग एकेक जण पुढे होऊन तिला काही काही कबूल करायला लागला. मी म्हटलं, पोरीचं बाळंतपण आपल्याच घरी करीन. कावळा नाही. पोरगी म्हणाली, बाबांना एकटं ठेवणार नाही. नाही. शेवटी मेहुणा विलास पुढे झाला. त्याचं आणि धाकट्या बहिणीचं, मालतीचं, शेताच्या बांधावरून आठ वर्षं बोलणं नव्हतं. तो हात जोडून म्हणाला, अक्का, मी मालतीशी बोलीन. मालती मागेच उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. कावळा तरी आला नाही. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही जेवायला गेलो. त्यानंतर महिनाभर जो येईल तो मला विचारत होता, तिचं काय राहिलं असेल हो. मी पण तोच विचार करत होतो. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात काय राहिलं नव्हतं, हे सांगणं सोपं गेलं असतं.

“बाईंकडे पुस्तक राहिलं होतं,” अनुजा म्हणाली. उद्या कुठला तास आहे हे सांगावं, तसं म्हणाली. “पुस्तक परत न करता बाई कशा जातील?”

साहिलने मान डोलावली.

मी लोखंडे सरांकडे गेलो आणि म्हटलं, मोजणीत फरक येतोय, किल्ली काही दिवस माझ्याकडे राहू द्या.

मंगळवार आणि शुक्रवार, शेवटचा तास वाचनालयाचा. त्या तासांना मी जायला लागलो. कुठलं पुस्तक नाही हे शोधायचं तर एकच रस्ता होता. शाळेत आलेलं प्रत्येक पुस्तक दाखल वहीत नंबराने लिहिलेलं असतं, सहाशे चौदा नंबर होते. एकाने नंबर वाचायचा, दुसऱ्याने पुस्तक काढून दाखवायचं, तिसऱ्याने खूण करायची. मी उंचीने लावल्यामुळे काम दसपट झालं होतं. हे मला वेगवेगळ्या मुलांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं.

मला वाटलं होतं, मी मुलांवर देखरेख करीन. अनुजाने मला नंबर शोधायला लावलं.

“काका, दोनशे सात.”

मी पहिल्या रॅकपासून सुरुवात केली. साहिल मोठ्याने आकडे मोजत होता. तो तीनशेपर्यंत गेला.

“तुम्ही सगळी पुस्तकं बघताय,” अनुजा म्हणाली. “आधी वहीत बघा ते कशाचं आहे. प्राण्यांचं असेल तर हिरवी चिठ्ठी. मग फक्त हिरवी बघायची.”

“बाईंनी शिकवलं?”

“दुसरीत.”

म्हणजे मी तिसरीच्या खाली होतो. पुढच्या तासांना मी बरंच शिकलो. अनुक्रमणिका पुढे असते आणि शेवटी शब्दांची सूची असते, सूचीत कुठला शब्द कुठल्या पानावर आहे ते लिहिलेलं असतं. छापलेलं सगळं खरं नसतं, म्हणून एकच माहिती दोन ठिकाणी बघायची. दोन्हीकडे जुळलं तरच वहीत घ्यायची. नाही जुळलं तर दोन्ही लिहायचं आणि जुळत नाही असं लिहायचं. बावीस वर्षं मी संध्याकाळी घरी आल्यावर विचारायचो, काय शिकवलं आज. ती म्हणायची, शोधायला शिकवलं. मी म्हणायचो, बरं, आणि पेपर उघडायचो.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात खुणा पूर्ण झाल्या. फाटून बाद झालेली नऊ पुस्तकं वहीत लाल शाईने खोडलेली होती. ती सोडून एकच नंबर उरला. चारशे बारा. पक्ष्यांचं पुस्तक, भाग दुसरा.

अनुजाने चारशे अकरा आणि चारशे तेराच्या मध्ये बोटभर जागा केली आणि पट्टी माझ्या हातात दिली. मी ती तिथे ठेवली.

“आता घरी शोधा,” ती म्हणाली. “आणि कुठे कुठे शोधलं ते लिहून आणा.”

मी स्टोअरच्या पद्धतीने शोधलं, एका कोपऱ्यातून सुरू करून भिंतीने भिंतीने. तिचं कपाट, साड्यांच्या घड्या, गादीखाली, पिठाच्या डब्यामागे. शाळेची पिशवी तीन वेळा. यादी अठ्ठावीस ओळींची झाली. शुक्रवारी मी ती दिली. अनुजाने सगळी वाचली.

“बाहेरच्या खोलीचं काहीच नाही यात.”

“तिथे काही नाही. खुर्च्या, टीव्ही आणि बाईंचा फोटो.”

“म्हणजे बघितलं नाही.”

घरी आलो. बाहेरच्या खोलीत स्टुलावर तिचा फोटो होता. गेली त्या दिवशी कुणीतरी घाईने मोठा करून आणलेला. फ्रेमच्या मागचा पाय ढिला होता, फोटो सारखा घसरायचा. त्या पहिल्या संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं असताना मी हाताला लागलं ते काहीतरी चपटं उचलून मागे टेका म्हणून लावलं होतं. पन्नास-साठ दिवस लोकांनी त्याच्यापुढे हात जोडले. मी रोज सकाळी हार बदलत होतो.

फोटो उचलला. मागे हिरवी चिठ्ठी. चारशे बारा.

मी फोटो भिंतीला टेकवून ठेवला आणि पुस्तक उघडलं. एकतिसाव्या पानावर एक कार्ड होतं. ही कार्डं मी वाचनालयात एका खोक्यात पाहिली होती. दर आठवड्याला प्रत्येक मुलाने एक प्रश्न घ्यायचा आणि कार्डावर तीन गोष्टी लिहायच्या, प्रश्न, कुठे शोधलं, काय सापडलं. ती स्वतःही घ्यायची, हे मला माहीत नव्हतं. तिच्या कार्डावर लिहिलं होतं: कोकिळेचं पिलू आपलं नाही, हे कावळ्याला कळतं का? कळलं तर कधी?

खालच्या दोन्ही जागा कोऱ्या होत्या.

मंगळवारी मी पुस्तक घेऊन गेलो. अनुजाने ते दोन्ही हातांत घेतलं, नंबर बघितला, कार्ड काढून वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

“हे ठेवता येणार नाही. कार्ड भरलेलं नाही.”

“ते बाईंचं कार्ड आहे, बाळ.”

“बाई येणार आहेत का?”

“नाही.”

“मग घरातल्यांनी भरायचं. मला कावीळ झाली होती तेव्हा माझं आजीने भरलं होतं. बाईंनी चालवून घेतलं.”

“मला यातलं काही कळत नाही.”

“आजीला तर वाचता पण येत नाही,” ती म्हणाली. “तीन ठिकाणी शोधायचं. पुस्तकात, एका माणसाला विचारून आणि स्वतः बघून. परीक्षेच्या आत आणा. मग आम्ही जाणार.”

चौथीनंतर मुलं दुसऱ्या शाळेत जायची. एप्रिलच्या शेवटी ती जाणार होती, आणि त्यानंतर मला विचारणारं कुणी उरणार नव्हतं. पुस्तक रॅकवर सरकवून मोकळं होता आलं असतं. तसं केलं असतं तर पट्टी काढायची कुणी, हा प्रश्न राहिला असता. ज्याची पट्टी त्यानेच काढायची, हा नियम मला एव्हाना पाठ झाला होता. मी तो एकदा एकतीस वेळा मोडला होता.

पुस्तक मी दोनदा वाचलं. त्यात होतं की कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, कावळा ते उबवतो, पिलाला भरवतो, आणि एक दिवस पिलू उडून जातं. कावळ्याला कळतं का, ते नव्हतं.

कुठल्या माणसाला विचारावं, हे सुचेना. मग घाटावरचे गुरुजी आठवले. आमच्या भागात कावळ्यांशी त्यांच्याइतका संबंध कुणाचा आला नसेल. मी सायकल काढून गेलो आणि प्रश्न वाचून दाखवला.

“शेवाळे,” गुरुजी म्हणाले, “कावळ्याला काय कळतं हे मला विचारू नका. चाळीस वर्षं मी त्याची वाट बघतोय. त्याने मला अजून काही सांगितलेलं नाही.”

“मग त्या दिवशी का आला नाही?”

“त्या दिवशी वरच्या घाटावर मोठं तेरावं होतं. पाचशे पत्रावळी पडल्या होत्या. सगळे कावळे तिकडे.”

“हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?”

“तुमचे मेहुणे बोलत होते,” गुरुजी म्हणाले. “चांगलं बोलत होते. म्हटलं, बोलू द्या.”

तिसरं, स्वतः बघायचं. आमच्या समोरच्या कडुनिंबावर कावळ्याचं घरटं होतं. मी गच्चीवर खुर्ची टाकून रोज सकाळी बसायला लागलो. बारा दिवस बसलो. कावळा काड्या आणायचा, तारा आणायचा, एकदा कुणाचा तरी दात घासायचा ब्रश घेऊन आला. कोकिळ ओरडत असायचा, पण घरट्याजवळ दिसला नाही. पिलू काही वर आलं नाही. शेजारच्या वहिनींनी पोरीला फोन केला की तुझे बाबा उन्हात एकटेच कावळ्यांकडे बघत बसतात, एकदा येऊन जा. पोरगी आली. मी तिला कार्ड दाखवलं. ती पण दोन दिवस बसली.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी मी कार्ड घेऊन गेलो. ‘कुठे शोधलं’च्या पुढे तिन्ही ठिकाणं लिहिली होती, पान नंबर, गुरुजींचं नाव, तारखा आणि वेळा. ‘काय सापडलं’च्या पुढे मी बरंच लिहिलं होतं. की कावळ्याला बहुतेक कळत असावं, पण तोपर्यंत सवय झालेली असते, आणि पिलू गेल्यावर घरटं मोठं वाटत असेल.

अनुजाने वाचलं. “हे तुम्हाला कुठे सापडलं?”

“कुठे नाही. मला वाटलं.”

“वाटलं ते इथे लिहायचं नाही.” तिने मला नवीन कार्ड दिलं.

“मग काय लिहू? उत्तर तर मिळालं नाही.”

“तेच लिहा. ‘उत्तर सापडलं नाही.’ कुठे शोधलं ते नीट लिहिलं असलं की चालतं. बाईंचीच अशी सात कार्डं आहेत खोक्यात.”

मी पहिल्या कार्डावरून प्रश्न आणि ठिकाणं उतरवून घेतली. शेवटच्या ओळीत लिहिलं, उत्तर सापडलं नाही. तिने खाली बरोबरची खूण केली आणि कार्ड खोक्यात टाकलं. मग मी चारशे बारा नंबर त्याच्या जागेत सरकवला आणि तिने पट्टी बाहेर ओढून काढली.

“ही तू का काढलीस?” मी विचारलं. “ज्याची त्यानेच काढायची ना?”

“शाळेतून जाणाऱ्यांची पट्टी काढून हातात देतात,” ती म्हणाली. “आमच्या पण आज मिळणार आहेत. बाईंची तुम्ही घ्या. इथे सही करा.”

मी सही केली.

किल्ली मी परत केली नाही. नवीन बाई येईपर्यंत तुम्हीच बघा, असं लोखंडे सर म्हणाले. नवीन बाई अजून यायच्या आहेत. मी दुसरीच्या मुलांना हिरवी चिठ्ठी शिकवतो.

त्या पुढच्या जानेवारीत वर्षश्राद्ध झालं. पान वाढून गच्चीवर ठेवलं आणि माझा हात मागे यायच्या आत कावळा आला. भाताचा घास घेतला आणि कडुनिंबावर गेला. विलास म्हणाला, बघा, मी मालतीशी बोललो ना, म्हणून. त्याने संक्रांतीला तिला तिळगूळ पाठवला होता, तोही कुरियरने. पण त्या दिवशी दोघं एका सतरंजीवर बसले होते. गुरुजी म्हणाले, आज गावात दुसरं कुणाचं नाही.

दोन दिवसांनी बाजारात अनुजा भेटली. पाचवीत गेली होती, वेण्या जाऊन केस कापले होते. मी तिला सगळं सांगितलं. पुस्तक परत गेलं, आणि कावळा लगेच आला.

तिने विचार केला. “कुणी कुणी बघितलं?”

“सगळ्यांनी.”

“पण एकदाच झालं ना?”

“एकदाच.”

“मग अजून लिहू नका,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी परत बघा.”